फिनिश माणसाला 'मला तुमची भाषा शिकायची आहे' हे सांगायचं तरी कसं?

रानजाई | २३ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये राहतो. येत्या नोव्हेंबरात तीन वर्षं होतील. नवऱ्याच्या ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत. मी गेल्या वर्षापासून एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम बघते, अर्धा दिवस. फिनिशच्या वर्गाला जायला लागून सव्वा वर्ष झालं, आठवड्यातून दोन संध्याकाळी. गृहपाठ चुकवत नाही. वाचलेलं बरंचसं कळतं. बोलणं मात्र अडलंय ते अडलंयच, कारण मी फिनिशमध्ये तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीत सुरू होतो.

मागच्या मंगळवारची गोष्ट सांगते. कॉफीच्या सुट्टीत आम्ही सहाजणी टेबलाशी होतो. बाकीच्या पाचजणी फिनिशमध्ये बोलत होत्या. मी आदल्या रात्री एक वाक्य पाठ केलं होतं, कप खाली ठेवला आणि म्हटलं, "हालुआन ओप्पिआ सुओमेआ." मला फिनिश शिकायची आहे. क्षणभर सगळ्या गप्प. मग शेजारची म्हणाली, "मिक्सि?" म्हणजे "का?" पलीकडची हळहळल्यासारखं म्हणाली, "सुओमि ओन वाइकेआ किएलि", फिनिश अवघड भाषा आहे. आणि मग काय झालं, तर त्या पाचहीजणी माझ्यासाठी इंग्रजीत बोलायला लागल्या. पावसावर, बसच्या नव्या वेळापत्रकावर. शेवटपर्यंत इंग्रजीच. मला हवं होतं त्याच्या नेमकं उलटं घडलं, आणि तेही त्यांच्या चांगुलपणामुळे, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

घरी येऊन रडू आलं, खरं सांगते. ते "का?" डोक्यातून जाईना. या भाषेत मला यायचंय आणि दारातच कोणी विचारतंय, का आलीस?

तर इथे नॉर्डिक देशांत राहणारे बरेच जण आहेत, त्यांना विचारते. हे सांगायचं कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत? "मिक्सि"ला उत्तर काय द्यायचं? आणखी एक अडचण आहे. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, पंचाहत्तरीच्या पुढच्या. लिफ्टमध्ये भेटल्या की हसतात. त्यांच्याशी बोलावंसं फार वाटतं. पण इथे सगळे सगळ्यांना "सिनॅ" म्हणतात, म्हणजे चक्क "तू". आईपेक्षा मोठ्या बाईला "तू" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मेतकूट | २३ सप्टेंबर, रात्री १०:१५

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझंही अगदी हेच चाललंय, फक्त गाव वेगळं.

कोकणकडा | २३ सप्टेंबर, रात्री ११:०२

रानजाई, मी तांपेरेत चौदा वर्षं आहे. पहिल्या तीन वर्षांत तुमच्यासारखाच खचलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांचं इंग्रजीत जाणं म्हणजे पाहुणचार आहे. आपल्याकडे पाहुणा आला की आपण आपलं जेवणाचं ताट बाजूला ठेवून आधी त्याला वाढतो, तसं. पाहुण्याला अडखळताना बघवत नाही आणि आपल्याला इंग्रजी येतं, मग त्याला कशाला त्रास, एवढाच हिशेब असतो. तो पाहुणचार नको असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, आणि "मला फिनिश शिकायची आहे" या वाक्यात ते येत नाही. ती झाली तुमची इच्छा. समोरच्याने करायचं काय, हे त्यात कुठेच नाही. इथला माणूस दुसऱ्याच्या इच्छेत आपणहून हात घालत नाही. तुम्ही काही मागितलंच नाहीत, तर तो देणार काय?

मागायचं ते नेमकं मागा. मी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हटलं होतं (इंग्रजीतच म्हटलं, त्यात लाज कसली), "रोज सकाळच्या कॉफीची पहिली दहा मिनिटं माझ्याशी फक्त फिनिश बोलशील का? मी अडलो तरी थांब. शब्द सुचला नाही तर मी विचारेन. दहा मिनिटं झाली की इंग्रजी." तो विचार करून म्हणाला, "हे जमेल." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने घड्याळ लावल्यासारखं ते पाळलं. चार वर्षं. एकदा शब्द दिला की इथली माणसं तो मोडत नाहीत, हा माझा अनुभव.

तीन वाक्यं मात्र फिनिशमध्ये तोंडात बसलेली हवीत. "वोइदान्को पुहुआ सुओमेआ?" म्हणजे आपण फिनिशमध्ये बोलू या का? "वोइसित्को पुहुआ वॅहॅन हिताम्मिन?" म्हणजे जरा हळू बोलशील का? आणि सगळ्यांत कामाचं, बोट दाखवून, "मिकॅ तॅमॅ ओन सुओमेक्सि?" याला फिनिशमध्ये काय म्हणतात? हे तिसरं वाक्य म्हटलं की एकही माणूस इंग्रजीत उत्तर देऊ शकत नाही, कारण उत्तरच फिनिश शब्द असतो.

मेतकूट | २४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

कोकणकडा, तिसरं वाक्य लिहून फ्रिजवर लावलंय.

माझ्याकडून छोटीशी भर. दुकानातल्या काउंटरपासून सुरुवात करा. तिथे विचारणं ठरलेलं असतं: कार्ड आहे का, "ओतात्को कुइतिन?" म्हणजे पावती हवी का. "एन, किइतोस" (नको, धन्यवाद) किंवा "जो, किइतोस" (हो, धन्यवाद) एवढंच म्हणायचं. मागे रांग असते, त्यामुळे दोघांपैकी कोणालाच लांबण लावायची नसते. सलग दोन महिने मला तिथे कोणी इंग्रजीत बोललं नाही, आणि त्याने धीर आला.

सोनटक्का | २४ सप्टेंबर, दुपारी ३:२०

मी मूळची कोल्हापूरकडची. सहा वर्षं तुर्कूत वृद्धांच्या निवासात नर्स आहे. माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण माझ्याशी इंग्रजीत बोलू शकेल असं माझ्या वॉर्डात कोणी नव्हतंच.

पहिल्याच आठवड्यातली आठवण आहे. एका आजींना विस्मरणाचा आजार. मी त्यांना उठवायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं, हात आपल्या गुडघ्यावर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "सात्तू." मला शब्द ठाऊक नव्हता, पण गुडघा सुजलेला, तोंड कसनुसं झालेलं. दुखतंय, दुसरं काय असणार? दुसऱ्या दिवशी सहकारी नर्स त्याच आजींना विचारत होती, "सात्तूको?" आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुखतंय, दुखतंय का! त्यांचा "को" आणि आपला "का", दोघांची जागा एकच, दोघांचं कामही एकच. वर्गात महिनाभर न कळलेलं मला त्या गुडघ्याने शिकवलं. आजही "-को" लावून प्रश्न विचारताना मला त्या आजी दिसतात. त्या आता नाहीत.

ज्यांना विसरायला होतं ती माणसं एकच वाक्य दिवसात वीस वेळा बोलतात. घरच्यांना त्याचा त्रास होतो, शिकणाऱ्याला मात्र ते वरदान असतं. विसाव्या वेळीही त्यांना वाटतं आपण पहिल्यांदाच सांगतोय, आणि त्या तितक्याच मायेने सांगतात. एक आजोबा "मिनॅ"ला, म्हणजे "मी"ला, "मिए" म्हणायचे. मला वाटलं मला चुकीचं ऐकू येतंय. मग कळलं, ते कारेलियाचे. युद्धात तो भाग सोव्हिएत संघाकडे गेला तेव्हा चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून इकडे आली, त्यांत ते लहान मूल होते. सगळं गेलं, पण "मिए" राहिलं. इथे तुर्कूत लोक "मॅ" म्हणतात, त्यांनी मात्र ते उचललं नाही. "मला फिनिश शिकवाल का" असं मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "फिनिश नाही, मी तुला माझ्या आईची भाषा शिकवतो." अजूनही मी कधी कधी "मिए" म्हणून जाते आणि लोक विचारतात, तुम्ही पूर्वेकडच्या का?

म्हणून रानजाई, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना सोडू नका. त्यांच्यापाशी वेळ आहे. ऑफिसातल्या बायकांपाशी तो नसतो.

"सिनॅ"चं म्हणाल तर माझ्याही जिभेवर ते चढत नव्हतं. वॉर्डातल्या वरिष्ठ बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सिनॅ" म्हण, त्यात अनादर नाही. फारच वयस्कर कोणी असेल आणि मन धजत नसेल तर "ते" म्हण, म्हणजे आपलं "तुम्ही", तेही चूक नाही. मी आजही नव्वदीच्या लोकांना "ते" म्हणते. कोणी हसलं नाही. एका आजोबांनी तर खुर्चीत जरा ताठ बसून उत्तर दिलं.

भाकरवडी | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०५

माझं मत वेगळं आहे, मनापासून मांडतो. सहकाऱ्यांना भाषा शिकवायला लावणं मला पटत नाही. ती माणसं तिथे काम करायला येतात. दहा मिनिटांची सुट्टी असते आणि त्यात आपण त्यांना शिक्षक करतो. मी हेलसिंकीत पाच वर्षं आहे. 'यूकि' नावाची जी सरकारी भाषा परीक्षा असते तिच्या सहा पातळ्या आहेत, त्यातली नागरिकत्वासाठी लागणारी तिसरी पातळी मी वर्ग लावून आणि घरी हेडफोन घालून सराव करून पार केली. कोणाला तसदी दिली नाही. भाषा शिकण्याचं ओझं ज्याचं त्यानेच उचलावं.

कोकणकडा | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१०

भाकरवडी, परीक्षेबद्दल अभिनंदन, मेहनतीशिवाय ती होत नाही. पण त्या परीक्षेत बोलायचा जो भाग असतो त्यात समोर माणूस नसतो, ध्वनिमुद्रणाला उत्तर द्यायचं असतं. तुमचं हेडफोनचं तंत्र तिथे बरोबर चाललं. तुमच्या शेजारचा माणूस मात्र मध्येच वाक्य सोडून देतो, पुटपुटतो, गप्प बसतो. ते माणसाकडूनच शिकावं लागतं.

ओझ्याचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. म्हणूनच वेळ ठरवून घ्यायची. मर्यादा नसलेली विनंती जड होते, दहा मिनिटांची होत नाही. आणि विचारल्यावर कोणी "नाही जमणार" म्हटलं तर तिथेच सोडून द्यायचं, मनाला लावून घ्यायचं नाही.

भाकरवडी | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४५

हे पटलं. "नाही" म्हणायची मोकळीक असेल तर माझी हरकत नाही.

उत्तरवारा | २५ सप्टेंबर, रात्री ८:३०

माझी बायको फिनिश, सासुरवाडी पूर्व फिनलंडमध्ये सरोवराकाठी. रानजाईंचा धागा आज सासूबाईंना फोनवर अनुवाद करून सांगितला. (त्यांना फिनिशशिवाय फक्त शाळेतली थोडी स्वीडिश येते.) त्या काय म्हणाल्या ते लिहितो, कारण "का?" विचारणाऱ्यांची बाजू त्यांच्याकडून ऐकलेली बरी.

त्या म्हणाल्या, "मिक्सि हा प्रश्न आहे. त्या मुलीने उत्तर दिलं का?"

मी म्हटलं, नाही, तिला वाईट वाटलं.

त्या म्हणाल्या, "मग विचारणारीलाही वाईट वाटलं असेल. तिने विचारलं आणि उत्तर आलं नाही."

हे ऐकून मी गप्पच झालो. आपल्याला "का?" ऐकलं की कोणी हटकल्यासारखं वाटतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असतं. आपली भाषा बोलणारे जगात पन्नास-पंचावन्न लाख लोक, ती शिकायला बाहेरून कोणी यावं याचं त्यांना मनापासून नवल वाटतं. मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं. मी भाषेचं सौंदर्य, संस्कृती, महाकाव्य असं बरंच काही बोललो. ते ऐकून घेऊन शेकोटीत लाकूड सारायला उठले. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं. तेव्हा मी शिकलो होतो, म्हटलं, "कोस्का आसुन तॅल्लॅ." कारण मी इथे राहतो. सासरे म्हणाले, "नो निइन", म्हणजे "बरं तर", आणि तिथून पुढे माझ्याशी फिनिशच बोलले.

आणखी एक. बोलताना मध्ये शांतता पडली तर घाबरू नका. आपण लगेच काहीतरी बोलून ती भरून काढतो. इथे शांतता हा बोलण्याचाच भाग असतो. सौनात बसलो की सासरे आणि मी पाच-पाच मिनिटं बोलत नाही. शिकणाऱ्याला ही केवढी सोय आहे! पुढचं वाक्य मनात जुळवायला हवा तेवढा वेळ मिळतो आणि कोणी घाई करत नाही. इंग्रजीत जायची घाई बऱ्याचदा आपल्याच कपाळावरच्या आठ्या बघून केली जाते.

शब्दवेल्हाळ | २५ सप्टेंबर, रात्री १०:५०

"फिनिश अवघड भाषा आहे" या वाक्याला काय म्हणायचं ते मी सांगतो. म्हणायचं, माझीही तशीच आहे!

फिनिश लोकांना सवय असते ती पंधरा विभक्ती ऐकून डोक्याला हात लावणाऱ्यांची. मराठी माणसाने हात लावायचं कारण नाही. त्यांचं "तालोन ताकाना" म्हणजे आपलं "घराच्या मागे". "तालो" घर, "तालोन" घराच्या, "ताकाना" मागे. क्रम तोच, जोडणी तीच. त्यांच्याकडे 'जवळ असणे'साठी वेगळं क्रियापद नाही, "मिनुल्ला ओन किर्या", माझ्याकडे पुस्तक आहे. तुर्कू या गावाला प्रत्यय लागला की मधला क गळतो आणि "तुरुस्सा" होतं, तुर्कूत. हेलसिंकीचं "हेलसिंगिस्सॅ". परका माणूस म्हणतो, गावाचं नावसुद्धा बदलता? आपण नाशिकचं नाशकात करतो, पुण्याचं पुण्यात, साताऱ्याचं साताऱ्यात, आणि माणूस असतो त्याला माणसाला म्हणतो. सामान्यरूप ज्याच्या अंगात भिनलंय त्याला यात धक्का बसू नये.

माझ्या सर्वांत आवडीची जागा नकाराची. फिनिशमध्ये "नाही" हेच क्रियापदासारखं चालतं: एन, एत, एइ. आपलंही नाही, नाहीस, नाहीत. आणि "जाऊ नकोस"ला ते म्हणतात "ॲलॅ मेने", "जाऊ नका"ला "ॲल्कॅ मेन्कॉ". नकोस आणि नका! (तो शेवटचा स्वर आपल्याकडे नाही, जवळचा लिहिलाय.) दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना हे असं जुळावं, याचा मला प्रत्येक वेळी आनंद होतो.

उच्चारातही आपल्याला मदत आहे. त्यांचे प, त, क आपल्यासारखेच, फ, थ, ख होत नाहीत. "तुलि" म्हणजे आग, "तूलि" म्हणजे वारा, "तुल्लि" म्हणजे जकात. इंग्रजी बोलणारे इथे गडबडतात. आपण 'कला' आणि 'कल्ला' लहानपणापासून वेगळे म्हणत आलोय. आणि दोन टिंबांचा त्यांचा 'अ' लिहायला आपल्याकडे बॅटमधला चंद्र तयारच आहे.

हे सगळं फिनिश माणसाला सांगून बघा. अवघड म्हणून हळहळणारा चेहरा बदलतो. तो विचारायला लागतो, तुमच्यात कसं म्हणतात? मग तुम्ही दोघे बरोबरीचे होता.

दवबिंदू | २६ सप्टेंबर, सकाळी ११:१५

मी ओउलूत शिकते. शब्दवेल्हाळ यांचं सगळं बरोबर, पण वर्गातली भाषा आणि रस्त्यावरची भाषा यांतलं अंतर सांगायला हवं. वर्गात "मिनॅ ओलेन", मी आहे, असं शिकवतात, बाहेर "मॅ ओन" ऐकू येतं. "मे मेनेम्मे", आम्ही जातो, हे मी आजवर एकाही मित्राच्या तोंडून ऐकलेलं नाही. सगळे "मे मेन्नॅन" म्हणतात. वर्गात पहिला नंबर असूनही मला पहिल्या पार्टीत काहीच कळलं नव्हतं. आपण तरी 'करत आहे' कुठे म्हणतो, 'करतोय'च म्हणतो ना.

गंमत म्हणजे माझे मित्र माझ्याशी बोलताना मुद्दाम पुस्तकी फिनिश बोलायचे, मला सोपं जावं म्हणून. ते अवघडून बोलायचे, मी अवघडून ऐकायचे, आणि दोन मिनिटांत सगळे इंग्रजीत. शेवटी मी सांगितलं, तुम्ही आपसात बोलता तसंच बोला, मी कानावर पडू देते. तेव्हापासून गाडी रुळावर आली. सांगायचंच असेल तर हेही सांगा.

वाचनालयात "किएलिकाह्विला" म्हणून भाषेचे कट्टे भरतात, फुकट. हेलसिंकीत तर बरेच आहेत. तिथे येणारे फिनिश लोक आपल्याशी फिनिश बोलायलाच आलेले असतात, त्यामुळे विनंतीचा प्रश्नच येत नाही. आणि 'यूले' या सार्वजनिक वाहिनीच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या रोज ऐका. आदल्या दिवशीची बातमी दुसऱ्या दिवशी कॉफीला विषय म्हणून कामी येते.

जुनीपाने | २६ सप्टेंबर, रात्री ९:००

फिनिश लोक "का?" विचारतात आणि लगेच इंग्रजीत जातात, त्या संकोचाबद्दल एक लिहावंसं वाटतं. यावरून कोणी असं समजू नये की फिनिश लोकांना भाषेचं प्रेम कमी आहे. शेकडो वर्षं तो मुलुख स्वीडनकडे होता, १८०९ नंतर रशियाकडे, आणि कचेरीची, शिक्षणाची भाषा स्वीडिश. मिकाएल आग्रिकोला यांनी सोळाव्या शतकात, १५४३ च्या सुमारास, पहिलं फिनिश मुळाक्षरांचं पुस्तक छापलं, तरी सरकारदरबारी फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने आणायचा हुकूम निघायला १८६३ साल उजाडलं. त्यासाठी झटलेल्या स्नेलमान यांच्या जन्मशताब्दीला, १९०६ साली, हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावं टाकून फिनिश आडनावं घेतली. आडनाव बदलणं किती मोठं असतं, विचार करा. ज्यांच्या आजा-पणज्यांनी हे केलं ते भाषेबद्दल उदासीन कसे असतील?

पारिजात | २७ सप्टेंबर, सकाळी ९:२५

मी फिनलंड पाहिलेलं नाही, पुण्यातच असते. पण रानजाईंची पहिली पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही.

आमच्या सोसायटीत चेन्नईहून आलेल्या एक बाई आहेत. परवा खाली भाजीवाल्यापाशी त्यांनी मला विचारलं, "ताई, ही भाजी कशी करायचा?" अंबाडीची जुडी होती हातात. मी हिंदीत उत्तर दिलं. सविस्तर दिलं, डाळ-तांदळाची कणी किती घालायची, लसणीची फोडणी कशी द्यायची, सगळं. त्यांनी पुन्हा मराठीत काहीतरी म्हटलं, मी पुन्हा हिंदीत. मला वाटत होतं मी त्यांना मदत करतेय. त्यांनी ते वाक्य घरी जुळवून आणलं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

एस्पोतल्या त्या पाचजणी आणि मी, आम्ही एकच काम केलं. आज त्या भेटल्या की मी मराठीतच बोलणार आहे, हळूहळू. "करायचा"चं "करायची" त्यांनी विचारलं तरच सांगेन.

सोनटक्का | २७ सप्टेंबर, दुपारी २:१०

पारिजात, डोळ्यांत पाणी आणलंत. त्यांनी अंबाडी केली की नाही ते नक्की कळवा.

रानजाई | ३ ऑक्टोबर, रात्री १०:००

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. ऑफिसातलं आधी सांगते.

"का?" विचारणाऱ्या मैत्रिणीकडे सोमवारी गेले आणि म्हटलं, तू त्या दिवशी विचारलंस, मी उत्तर दिलं नव्हतं. "कोस्का आसुन तॅल्लॅ." ती हसली. म्हणाली (फिनिशमध्ये, मी तीनदा विचारून समजून घेतलं), मला वाटलं मी काही चुकीचं बोलले, म्हणून तू गप्प झालीस. उत्तरवारा, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मग दहा मिनिटांचं विचारलं. ती "रोज नाही, मंगळवार आणि गुरुवार" म्हणाली. आजचा दुसरा दिवस होता. दमायला होतं. तिने एकदा सवयीने इंग्रजी वाक्य सुरू केलं आणि मध्येच स्वतःच थांबली.

तिसऱ्या मजल्यावर अजून गेले नाही.

रानजाई | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

आज आमच्या इमारतीचं "ताल्कोत" होतं. इथे वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, सगळे रहिवासी मिळून अंगण साफ करतात, मग सॉसेज भाजतात आणि कॉफी पितात. मागची दोन वर्षं आम्ही घरातच बसलो होतो, आपल्याला कोणी बोलावलेलं नाही असं समजून. खाली जिन्यात लावलेला कागद हेच बोलावणं होतं, तो वाचता आला नव्हता. या वेळी वाचला आणि दहा वाजता खाली उतरले.

आजी तिथेच होत्या, लोकरी टोपी घालून. माझ्या हातात दाताळ्यासारखं काहीतरी दिलं, लांब दांड्याचं. मी विचारलं, "मिकॅ तॅमॅ ओन सुओमेक्सि?" म्हणाल्या, "हारावा." मग मी विचारतच सुटले. ढकलगाडी, फावडं, बादली. हात चालू असले की बोलायला इतकं सोपं जातं हे मला माहीत नव्हतं. गप्प राहिलं तरी दोघींची कामं चालूच असतात. मी त्यांना "ते" म्हटलं. त्यांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, मला शेवटचं असं शाळेतल्या मुलांनी म्हटलं होतं, मी शिक्षिका होते. मग म्हणाल्या, "सिनॅ" म्हण. मी अजून तीन वेळा "ते"च म्हटलं. चौथ्यांदा "सिनॅ" निघालं.

बर्चची पिवळी पानं ओली होऊन जमिनीला चिकटली होती. एक उचलून विचारलं. "लेहति," म्हणाल्या. मी म्हटलं, पण लेहति म्हणजे तर वर्तमानपत्र ना? त्या म्हणाल्या, तेही लेहतिच, झाडाचंही लेहतिच. माझ्या अंगावर शहारा आला. ते सांगायला मला शब्द पुरेनात. जमेल तसं, तोडकं-मोडकं सांगितलं की माझ्या भाषेत झाडाचं आणि पुस्तकाचं, दोन्हींना एकच शब्द आहे.

त्या हाराव्यावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. विचारलं, "मराथिक्सि?"

मी म्हटलं, "पान."

"पान," त्या म्हणाल्या. पहिल्याच वेळी अगदी स्वच्छ, लांब आ सकट. मग त्यांनी वाकून आणखी एक उचललं, मग मूठभर उचलली, आणि विचारलं, ही पुष्कळ असली तर?